डाव्या हाताची खिडकी

मिस्त्रीने तिचं नाव मुकादम ठेवलं ते बांधकामाच्या पहिल्याच आठवड्यात. पुढे ते इतकं रुळलं की पोटचा मुलगाही तिच्यामागे तेच म्हणू लागला. तिला ते ठाऊक होतं. मनातून आवडायचंही, पण आवडलं म्हणून दाखवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

साठी उलटलेली बाई, पण विटांची गाडी आली की सगळ्यांच्या आधी हजर. दोन विटा उचलायची, एकमेकींवर आपटायची आणि कान देऊन ऐकायची. ठणकन वाजली तर ठेव, नुसती थपकन वाजली तर परत ने.

"माझ्या सासऱ्यांनी मला इतकं वाजवून घेतलं असतं ना मुकादम," मिस्त्री म्हणाला, "तर माझं लग्नच झालं नसतं."

"तेच म्हणते. बिचारीला वेळेवर कळलं असतं, आत पोकळ आहे म्हणून."

गडीमाणसं हसली. मिस्त्रीही हसला. तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही हे त्याला एव्हाना कळून चुकलं होतं. वाळूत माती किती, सिमेंटच्या पोत्यात गाठी झाल्यात का, सळई गंजलेली तर नाही, सगळं ती हाताने चाचपून सांगायची आणि तिचं सहसा चुकायचं नाही.

चुकलं ते कागदावर.

शाळेत ती जेमतेम दोन वर्षं गेलेली. सही करता यायची, तीही चित्र काढल्यासारखी. घराचा नकाशा काढणाऱ्याने टेबलावर मोठा कागद पसरला तेव्हा तिला त्यात नुसत्या रेघा आणि आकडे दिसले. दाराच्या जागी दार कुठे उघडतं हे दाखवायला त्याने चंद्रकोरीसारख्या रेघा काढल्या होत्या. त्या बघून ती ठसक्यात म्हणाली, "एवढ्या कमानी कशाला? उगाच खर्च. कमानी नकोत आम्हाला."

नकाशावाला हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. मुलाने मान खाली घातली. त्यानंतर त्या कागदाविषयी तिने तोंडातून अक्षर काढलं नाही. हॉल एवढा, खोली एवढी, तो बोट ठेवून सांगत गेला आणि ती मान डोलवत गेली. समजल्यासारखी.

त्या दिवशी तिच्या शेजारी तिची नणंद बसली होती. नवऱ्याची थोरली बहीण, वन्सं. वन्संचं लग्न झालं नाही, भावाच्याच घरी राहिल्या. भाड्याच्या दोन खोल्यांत ह्या दोघी एकतीस वर्षं राहिल्या. आधी मध्ये मुकादमचा नवरा होता, तो गेल्यावर नऊ वर्षं दोघीच, आणि मुलगा. वन्सं लोकांचे कपडे शिवायच्या. घराची जागा घेतली ती त्या मशीनच्या जोरावर, पुढे पायाचं कामही जोत्यापर्यंत त्याच पैशातून आलं. हे मुकादम नाकारत नव्हती. फक्त बोलून दाखवत नव्हती.

वन्संनी सगळ्या घरात मिळून एकच गोष्ट मागितली. मागची खोली दोघींची होती. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी नकाशावाल्याला विचारलं, "इथे मशीनपाशी खिडकी डाव्या हाताला येईल का? उजवीकडून उजेड आला की हाताची सावली टाक्यावर पडते."

"येईल की," तो म्हणाला आणि पेन्सिलीने खूण केली.

भाड्याच्या खोलीत खिडकी उजवीकडे होती. वन्संनी एकतीस वर्षं स्वतःच्याच सावलीत शिवलं होतं आणि हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मुकादमनेही ते तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

परवानगीच्या कचेरीत चार महिने गेले. तोवर सळई महागली, वाळू महागली, आणि मिस्त्रीही महागला. मग एका सकाळी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि मिस्त्रीने दोरीखालून पांढरी फक्की टाकत आख्खं घर जमिनीवर आखलं. सगळे आपापल्या खोलीत जाऊन उभे राहिले. मुलगा आणि सून त्यांच्या खोलीत, वन्सं मागे, मुकादम हॉलमध्ये.

तिने हॉल चालून बघितला. हॉल कसला, हातरुमाल! चार पावलं टाकली की संपला. आयुष्यभर पै-पै साठवून बांधायचं ते हे?

"फक्कीत घर लहानच दिसतं," मिस्त्री म्हणाला. "भिंती उठल्या की मोठं होतं बघा. इथे उभं राहून सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो."

तिने ऐकलंही असतं. पण तेवढ्यात समोरच्या घरातली बाई आपल्या फाटकातून डोकावली आणि हसतमुखाने म्हणाली, "दुकानाचा गाळा काढताय वाटतं?"

"घर आहे," मुकादम म्हणाली. "तुमच्यासारखं रस्त्यावर नाक काढून बसणारं नाही एवढंच."

बाई आत गेली. पण काटा रुतायचा तो रुतलाच. मुकादम हॉलच्या मागच्या रेघेपाशी गेली आणि तिच्यापुढे चार पावलं मोजली.

"ही रेघ इथवर ने."

"मग मागच्या खोलीचं काय उरतं बघा की."

"उरेल ते आम्हा दोघी म्हाताऱ्यांना पुष्कळ. येणारा-जाणारा हॉल बघतो, मागची खोली कोण बघतंय?"

मिस्त्रीने पायाने जुनी रेघ पुसली आणि नवी टाकत आला. वन्सं मध्येच उभ्या होत्या, त्या एक पाऊल मागे सरकल्या. रेघ आली, त्या आणखी एक पाऊल सरकल्या.

"इथे मशीन..." त्या म्हणाल्या.

"मशीन स्वयंपाकघरात ठेवू की. तिथे जागा आहे."

"बरं," वन्सं म्हणाल्या.

भिंती उठल्या आणि मिस्त्रीचं म्हणणं खरं झालं. घर मोठं दिसायला लागलं. हॉल तर असा झाला की आवाज घुमायचा. मागची खोली मात्र फक्कीत होती तेवढीच राहिली. एक पलंग टाकला की दुसऱ्यापुरती जमिनीवर एक गादी. मुकादमच्या हे लक्षात आलं, पण भिंत पाडा म्हणायला जीभ उचलेना. पाडायची म्हणजे मजुरी दुप्पट, आणि मिस्त्रीने हसायचं वेगळं.

नव्या भिंतीला रोज दोन वेळा पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट धरत नाही. ते काम वन्संनी आपणहून घेतलं. सकाळी शिवणाला बसायच्या आधी अर्धा तास चालत यायच्या, पाइप घेऊन एकेक भिंत न्हाऊ घालायच्या आणि परत जायच्या. संध्याकाळी पुन्हा.

"एवढं न्हाऊ तर मी माझ्या पोरांना नाही घातलं," मिस्त्री म्हणायचा.

"तुमची पोरं पळत असतील," वन्सं म्हणायच्या. "भिंत पळत नाही."

त्यांना थट्टा जमायची, पण हळू आवाजात. मुकादमपुढे कुणाला ती ऐकू जायची नाही एवढंच.

खिडकीची जागा मिस्त्रीने नकाशाप्रमाणे डाव्या हाताला सोडली होती. चौकट तेवढी बसायची राहिली होती. मग एक दिवस मुलगा टेप घेऊन मागच्या खोलीत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "आई, कपाट कुठे ठेवणार तू?"

लोखंडी कपाट. त्यात सगळ्या घराचं किडुकमिडुक. ते हॉलमध्ये नको, मुकादमनेच बजावलं होतं. आल्यागेल्याच्या डोळ्यांवर येतं. स्वयंपाकघरात बसत नव्हतं. मागच्या खोलीत एका भिंतीला दार, एका भिंतीला पलंग, तिसरी अपुरी. उरली खिडकीची.

"खिडकी बुजवा," ती म्हणाली.

"आत्याबाईंनी मुद्दाम सांगितली होती ती," मिस्त्री म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"मशीन तिथे नाहीच आता, मग खिडकी कशाला? चौकट, गज, काचा, सगळं वाचेल. आणि घर कोण बांधतंय, तू की मी?"

दुपारपर्यंत खिडकी बुजली. संध्याकाळी पाणी मारायला वन्सं आल्या की सांगू, असं तिने ठरवलं. पण संध्याकाळी काहीतरी निघालं आणि ती दुकानात गेली. खरं म्हणजे काही निघालं नव्हतं. खिळे आणायचे होते, ते उद्याही आणता आले असते. परत आली तर कळलं, त्या संध्याकाळी वन्संना शिवणातून यायला जमलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विटांच्या ढिगापाशी उभी होती. वन्सं पाइप घेऊन आल्या. हॉल भिजवला, स्वयंपाकघर भिजवलं, मुलाची खोली भिजवली. मग मागे गेल्या. चौकट न बसलेल्या दारातून मुकादमला आतलं सगळं दिसत होतं. बुजवलेल्या जागेच्या विटा ताज्या होत्या, सांध्यांतला माल काळपट ओला. वन्सं त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. पाइपचं पाणी त्यांच्या पायांवर पडत होतं.

मग त्यांनी पाइप उचलला आणि ती जागा भिजवली. वरून खालपर्यंत, चारी कोपरे, एकही वीट न सोडता. इतर भिंतींना जेवढं पाणी तेवढंच हिलाही.

मुकादमकडे उत्तरं तयार होती. चौकटीचा खर्च होता, कपाट होतं, मशीन होतं. भांडण झालं असतं तर तिने हार मानली नसती. पण वन्संनी विचारलंच नाही. नळ बंद केला, पाइप गुंडाळला आणि म्हणाल्या, "येते वहिनी. आज दोन फ्रॉक द्यायचेत."

सात दिवस त्या येत राहिल्या. सातही दिवस ती भिंत तशीच भिजवली. सात दिवस मुकादम सिमेंटच्या पोत्यांवरून, वाळूवरून, कशाकशावरून कुणाकुणावर ओरडत राहिली. मिस्त्री शेवटी म्हणाला, "मुकादम, आज माझी काही चूक असेल तर सांगा तरी."

सामान हलवायच्या दिवशी वन्सं पहाटेपासून राबत होत्या. भांडी कागदात गुंडाळली, सगळ्यांचे कपडे घड्या घालून बांधले. टेम्पो भरत आला तरी मशीन जागचं हललं नव्हतं.

"हे कधी चढवायचं?" मुकादमने विचारलं.

"हे नाही चढवायचं. मी घरमालकिणीशी बोलले आहे. पुढची खोली सोडते, मागची ठेवते. माझी सगळी गिऱ्हाइकं इथली आहेत."

"गिऱ्हाइकं!" मुकादमचा आवाज चढला. "लोक काय म्हणतील? घर बांधलं आणि नणंदेला वाऱ्यावर सोडलं म्हणतील!"

"मी आले नाही म्हणून सांगा."

"आता काय पाया पडू का तुमच्या?"

"नको हो वहिनी," वन्सं म्हणाल्या. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "कपाट उतरवताना बघा तेवढं. हमाल त्याचे पाय आपटतात."

नव्या घरात मुकादम मागच्या खोलीत झोपू लागली. पलंग, कपाट आणि ती. सकाळ झाली की नाही ते कळायला दार उघडावं लागायचं. जमिनीवरच्या गादीची जागा रिकामी राहिली, तिथे हळूहळू गव्हाचा डबा आला, मग इस्त्रीचे कपडे. हॉल बघून लोक "वा" म्हणायचे. समोरची बाईही म्हणाली. मुकादमने ते एका कानाने ऐकलं.

पाहुणे गेले की ती हॉलमध्ये एकटी बसायची. टीव्ही बघताना मधूनच म्हणायची, "बघितलंत का, काय नेसलीय ती!" आणि शेजारी वळायची, तर तिथे वन्सं नसायच्या.

दोन महिन्यांनी एका रविवारी वन्सं आल्या. हातात मोठी पिशवी. पिशवीत पडदे होते. खिडक्यांची मापं त्यांनी भिंती भिजवताना नजरेनेच घेतली होती आणि एकही पडदा बोटभर चुकला नव्हता. मुलाने स्टूल आणलं, सुनेने सळ्या लावल्या. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, मुलाची खोली झाली. मागच्या खोलीत त्या गेल्या नाहीत.

मुकादमने मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं. राहा आता. माझं चुकलं. त्यातलं दुसरं जमणार नाही हे तिला माहीत होतं, पण पहिलं तरी जमावं. तिने तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं:

"हा काठ वाकडा आलाय."

सुनेने तिच्याकडे बघितलं. वन्संनी पडदा डोळ्यांजवळ धरला.

"असेल. हल्ली संध्याकाळचं नीट दिसत नाही. काढा बरं, आत्ता करून देते."

पडदा उतरवला. वन्सं हॉलमध्ये जमिनीवर बसल्या, शिवण उसवली आणि सुई-दोरा मुकादमपुढे धरला. बोलायची गरज नव्हती. चाळिशी लागल्यापासून त्यांची सुई तीच ओवत आली होती. आता तिचेही डोळे अधू झाले होते. चौथ्या खेपेला दोरा गेला. दोघी हसल्या, थोड्याशा. मग वन्संनी हाताने टाके घातले, आणि तेवढा वेळ मुकादम त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून कापड ताणून बसली. राहा म्हणायला तो वेळ पुरेसा होता. अख्खा काठ होता.

चहा झाला. पाचच्या सुमारास वन्सं उठल्या. "तुमचं घर छान झालंय," म्हणाल्या, आणि चपला घातल्या.

त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मुकादम खिडकीत उभी होती.

"आई, थांबवून घ्यायचं होतं ना आत्यांना," सून मागून म्हणाली.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे घातली असती गादी. एवढा मोठा हॉल."

"हॉलमध्ये पाहुण्यांना घालतात," मुकादम म्हणाली.

समोरची बाई फाटकाशी उभी राहून इकडेच बघत होती. मुकादमने चांगला उजेड असताना पडदा ओढून घेतला.