माझं दुसरं इंजिन

मी एक जुनी मोटार आहे. पण मित्रांनो, मला जुनी म्हणायचा हक्क फक्त माझा. तुम्ही आपलं रुबाबदार म्हणा. माझा जन्म १९७० सालचा, डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यातला. लांबलचक नाक, दोनच दारं, गडद हिरवा रंग आणि पोटात आठ सिलिंडरचं इंजिन. अशा गाड्यांना अमेरिकेत मसल कार म्हणतात, म्हणजे दंड थोपटून उभी राहणारी गाडी. सिग्नलला मी नुसती थांबले तरी शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून बघायची. मला ते आवडायचं. त्यात लाजायचं काय?

माझे पहिले मालक वॉल्टर. त्यांनी मला फार जपलं. पुढे त्यांचे डोळे अधू झाले आणि मी त्यांच्या शेडमध्ये उभी राहिले. सीटखाली उंदरांनी संसार थाटला. माझ्यासारखीला हे दिवस यावेत!

२००३च्या वसंतात एक मराठी जोडपं मला बघायला आलं. सत्यजित अमेरिकेतल्याच मॉरिसव्हिल गावातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. त्याची बायको आसावरी नागपूरची, मेकॅनिकल इंजिनिअर. सत्यजित लांबूनच म्हणाला, "अगं, ही चालते तरी का?" आसावरी माझं बॉनेट उघडून कमरेपर्यंत आत वाकली होती. तिथूनच म्हणाली, "चालवते मी."

त्याच क्षणी ही बाई मला पटली.

एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आसावरी नवऱ्याच्या व्हिसावर आली होती. त्याला एच-फोर म्हणत, आणि त्यावर नोकरी करायला परवानगी नव्हती. नागपूरला कारखान्यात शॉप फ्लोअर सांभाळलेली ही बाई इथे भाजी चिरत बसायची. मी आले आणि तिला काम मिळालं. तिने माझे ब्रेक खोलले, वायरी बदलल्या, उंदरांना घराबाहेर काढलं. शनिवारी मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणी विचारलं, "तू काय करतेस गं?" तर ती मान वर करून सांगायची, "मेकॅनिकल इंजिनिअर आहे. सध्या एच-फोरवर, म्हणून गॅरेजमध्ये."

त्या उन्हाळ्यात माझा एक पाइप थोडा झिरपत होता. इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधली पातळी कमी झाली की आसावरी बादलीतलं पाणी ओतायची. तिच्या बाबांच्या अँबॅसॅडरला नागपुरात आयुष्यभर पाणीच घातलेलं. पाइप तिने बदलला, पण आत आता बहुतेक नुसतं पाणीच राहिलं होतं. नागपुरात कुठलं गोठतंय पाणी? इथे गोठतं. म्हणून त्यात कूलंट, म्हणजे न गोठणारं रसायन, घालावं लागतं. जानेवारीत गॅरेजमध्ये जागा नव्हती म्हणून मी बाहेर उभी होते, आणि कडाक्याची थंडी पडली. माझ्या पोटातल्या पाण्याचा बर्फ झाला, फुगला, आणि त्याने लोखंडाला तडा दिला. आसावरीने तेल मोजायची डिपस्टिक ओढली तर तेलाच्या जागी दुधाळ चहा, म्हणजे तेलात पाणी शिरलेलं. तिला लगेच कळलं. हातातलं फडकं खाली टाकून ती तिथेच जमिनीवर बसली.

सत्यजित खरंच चांगला मुलगा. तो म्हणाला, "जाऊ दे ना, टेन्शन नको घेऊस. पार्ट्ससाठी विकून टाकू." त्याने समजूत घातली, पण ती तिला जास्तच लागली. त्यानंतर तिने बॉनेटला हात लावला नाही. नट-बोल्टचे पाने एका खोक्यात गेले. पुढच्या पॉटलकला कोणीतरी तिला तोच प्रश्न विचारला आणि ती म्हणाली, "काही नाही, घरीच असते."

मित्रांनो, तडा माझ्या पोटात होता, पण मला त्या उत्तराचं जास्त वाईट वाटलं.

मार्चमध्ये सत्यजितचा मित्र संग्राम आला. गाड्यांचा भारी शौकीन. मला विकणार म्हटल्यावर तो कळवळलाच. "विकतोस काय, यार? नवीन इंजिन टाक. सगळ्यात मोठं! साडेसात लिटरचं मिळतं. फुल पॉवर!" सत्यजितलाही हुरूप आला. "नाहीतर हल्लीच्या गाडीतलं कॉम्प्युटरवालं टाकू. अॅल्युमिनियमचं, हलकं. त्याचं प्रोग्रॅमिंग मी बघतो." माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं म्हणा ना. खरं सांगते, मी मनातल्या मनात साडेसात लिटरला हो म्हणून मोकळी झाले होते. माझ्या रुबाबाला तेच शोभणार!

आसावरी बटाटेवड्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने ते सरळ माझ्या बॉनेटवर ठेवलं. एरवी मी खपवून घेतलं नसतं.

"आणि थांबवणार कशाने?" तिने विचारलं.

"म्हणजे?" संग्राम म्हणाला.

"म्हणजे एवढी पॉवर घातलीस तर ब्रेक जुनेच पुरतील का? वजनाने नाक खाली बसेल, त्याच्या स्प्रिंगा कोण बदलणार? रेडिएटर छोटा पडेल. गिअरबॉक्स तर पहिल्या महिन्यात हात टेकेल." मग ती सत्यजितकडे वळली. "तुझं इंजिन मस्त आहे रे. पण त्याला वेगळा पंप लागेल, वेगळी टाकी लागेल, सगळं वायरिंग नवं. मग हिची अशी फक्त दारंच उरतील."

सत्यजितने एक वडा उचलला आणि म्हणाला, "गाडी तुझी आहे. तू ठरव."

त्या आठवड्यात पान्यांचं खोकं परत गॅरेजमध्ये आलं. आसावरी टेप घेऊन माझ्याखाली सरपटत होती, फोनवर दुकानदारांना उलटसुलट प्रश्न विचारून भंडावत होती. "पॉवर मागाहून सांगा," ती म्हणायची, "वजन किती आणि गरम किती होतं ते आधी बोला." शेवटी तिने निवडलं माझ्या पहिल्याच मापाचं, नवं कोरं, आठ सिलिंडरचं इंजिन. ताकद थोडी जास्त, बाकी सगळं माझ्या अंगाला बसणारं. मी थोडे दिवस रुसले. पण ते आत उतरलं, बोल्ट आवळले गेले, आणि मला कपाटातली जुनी साडी नेसावी तसं वाटलं. कुठे खेचत नाही, कुठे टोचत नाही.

दसऱ्याला तिने माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नाकाला झेंडूचा हार घातला, आणि पाने मांडून त्यांनाही कुंकू लावलं. मग किल्ली फिरवली. माझा आवाज ऐकून अख्ख्या गल्लीतली दारं उघडली. आसावरी रडत होती आणि हसत होती. त्याच दिवशी तिने रेडिएटरच्या टोपीजवळ एक चिकटपट्टी लावली. तिच्यावर लिहिलं, "नुसतं पाणी नको."

२००७च्या हिवाळ्याच्या तोंडाशी, ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकल्यावर, तिला काम करायची परवानगी आली. पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तिचा इंटरव्ह्यू होता, आणि ती मलाच घेऊन गेली. इतकी वर्षं काय करत होतात, असं तिथल्या बाईंनी विचारलं असणार, कारण थोड्या वेळाने दोघी पार्किंगमध्ये आल्या. आसावरीने बॉनेट उघडलं. हेच इंजिन का, मोठं का नाही, सगळं तिने एकेक सांगितलं. त्या बाईंनी पट्टीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय?

आसावरीने अर्थ सांगितला. मग म्हणाली, "पहिलं इंजिन मीच फोडलं."

बाई मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, जरा सुरू करून दाखवा. मी काय कसर ठेवते की काय! नोकरी तिला मिळाली. माझ्यामुळे मिळाली असं मी म्हणत नाही. तुम्ही म्हणालात तर अडवणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी गाडी उभी असेल तर तिला अधूनमधून सुरू करत जा. तेल बघा, कूलंट बघा, सीटखाली डोकावा. उभं राहून राहून आम्हाला गंज चढतो, आणि लोकांना वाटतं की हिच्यात काही उरलंच नाही.

परवाच्या पॉटलकला पुण्याहून नवीनच आलेली आश्लेषा होती. कोणीतरी तिला विचारलं, "तू काय करतेस गं?" ती खाली बघत म्हणाली, "काही नाही, घरीच असते."

आसावरीने हातातली प्लेट ठेवली, तिचा हात धरला आणि तिला गॅरेजमध्ये घेऊन आली.

"हिचं बॉनेट उघड," ती म्हणाली. "हाताला तेल लागेल. लागू दे."