टाळ्यांसाठी दिलेली खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. जुनी म्हटलं म्हणून कीव करू नका. मी वापरून झिजले नाही, मिरवून झिजले.

मित्रांनो, मला विकत घेतलं वसईच्या एका समाजसेवा मंडळानं. अध्यक्ष जयवंतराव. त्यांची समाजसेवा स्टेजवर सुरू व्हायची आणि फोटो निघाला की संपायची.

पहिल्यांदा मला दिलं पाचूबंदरच्या रोझलीनला. ती मासळी विकणारी, शुगरनं एक पाय गेलेला. हार, भाषण, टाळ्या सगळं झालं. दुसऱ्या दिवशी मंडळाचा टेम्पो दारात. मंडळाचं नाव रंगवून परत आणतो, म्हणाले. नाव रंगवलं आणि मला गास गावी नेऊन दुसऱ्याच एका म्हाताऱ्याला दिलं. फोटो निघाल्यावर तिथूनही उचललं, पुढच्या कार्यक्रमासाठी. सीटवरचं प्लास्टिक काढायला सक्त मनाई. दान कोरं दिसायला हवं ना!

मंडळात विनिता नावाची पगारी समाजसेविका होती. तिचं काम एकच, लाभार्थी गोळा करून रांगेत बसवायचे. पण ती रोझलीनला जाऊन विचारून आली, की तुला हवंय काय. अध्यक्षांना तिनं माझ्यासमोरच सांगितलं. रोझलीनला बाजारातल्या आपल्या जागेवर परत बसायचंय. त्यासाठी खुर्ची हवी, आणि बाजाराच्या पायऱ्यांना चाकं चढतील असा उतार हवा.

जयवंतराव हसले. "उताराला हार कुठं घालायचा, विनिताताई? देऊ ते घ्यावं माणसानं."

"ती भीक मागत नाही, सर. धंद्याला बसायचं म्हणते."

पुढचा कार्यक्रम कामणला होता. त्या सकाळी विनितानं मला घडी करून रिक्षात घातलं आणि थेट पाचूबंदर गाठलं. तिची नोकरी गेली. रोझलीननं मासळीच्या सुरीनं माझं प्लास्टिक फाडलं.

आता ती माझ्यावर बसून बाजाराच्या पायऱ्यांसमोर मासळी विकते, बरोब्बर वाटेत. बाजाराचा मुकादम रोज येतो, बाजूला हो म्हणतो. काल ती त्याला म्हणाली, "उतार बांधा, मी आपसूक वर जाते. तवर हितंच बसनार. पानी येऊदे नायतर पोलीस."

उतार अजून झालेला नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत कुणी काही वाटायला आलं, तर टाळ्या वाजवू नका. घेणाऱ्याला आधी विचारा, हे तुला हवं होतं का. आणि माझी काळजी वाटत असेल, तर चाकांना तेल नंतर घाला. आधी या आणि आमच्याबरोबर वाट अडवून बसा.