घरचा की पाव्हणा

एडनला कापडाच्या पेढीवर असलेला पारिसा दर उन्हाळ्यात निपाणीला घरी यायचा. गेल्या खेपेला त्याच्या लेकीनं, ब्राह्मीनं, त्याला शेवटपर्यंत 'मामा'च म्हटलं होतं. यंदा 'आप्पा' ऐकूनच परतायचं, असं त्यानं आगबोटीतच ठरवलं होतं.

पण कोल्हापूरची मोटार वाटेत बंद पडली आणि तो घरी पोचला दिवस बुडाल्यावर, पोटात कावळे ओरडत असताना. त्याच्या बायकोनं, राजमतीनं, ताट वाढलं. तेवढ्यात ब्राह्मी कमरेवर हात ठेवून पुढं आली.

"आई, दिस बुडल्यावर आपल्यात कुठं जेवत्यात?"

"अगं, लांबनं आल्यात ते."

"मग पाव्हणं व्हय? पाव्हण्यास्नी चालतंय. घरच्यास्नी न्हाय."

पारिसाचा हात थबकला. एडनात जैनांचा हा नेम मोडून तो दिवे लागल्यावरच जेवायचा. समोर भाकरी ऊन होती, वर लोणी विरघळत होतं. त्यानं एकदा भाकरीकडं पाहिलं, एकदा लेकीकडं, आणि ताट सरकवलं.

"मी घरचाच हाय गं."

ब्राह्मीनं ताट उचलून आईच्या हाती दिलं आणि त्याला दटावलं, "मग आता पाणी बी मागू नगा, आप्पा."

पारिसानं मान डोलावली. घसा कोरडा पडला होता, पण हसू काही आवरेना.