बारा पावसाळ्यांचा गाळ

अभिमनने बाटली सूर्यासमोर धरली आणि पुन्हा खाली घेतली. मग ते पाणी ओतून देऊन तीच बाटली नदीच्या मधल्या धारेत बुडवून पुन्हा भरली. तरी तेच. काचेतून पलीकडची बाभळ स्वच्छ दिसत होती.

काठावर लुगडं पिळणारी धुरपदाबाई हसली. "भाऊ, कितलं नितळ पाणी शे! तळना गोटा दिसी ऱ्हायनात. मंग तू काबरं तोंड पाडी उभा शे?"

"काही नही, अक्का," तो म्हणाला. पण ऑगस्टमधली गिरणा नदी अशी नितळ कधी नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अभिमन हा भडगावच्या खालच्या अंगाला राहणारा सरकारी पाणीमापक. रोज सकाळी आठला नदीतल्या खांबावरची पट्टी वाचायची, पाण्याची उंची लिहायची, पावसाळ्यात एक बाटली पाणी घ्यायचं, ते कागदातून गाळायचं, कागदावर राहिलेला गाळ वाळवून तोलायचा आणि आकडा धुळ्याच्या कचेरीला पाठवायचा. वजन झालं की गाळ फेकून द्यावा, असा नियम होता. सत्तावन्न साली नोकरीला लागला तेव्हापासून त्याने तो एकदाही फेकला नव्हता. तारीख घालून, पुड्या बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. का, ते त्याला सांगता आलं नसतं. काळा गाळ आला की पाऊस कपाशीच्या रानांवर पडला, तांबूस आला की डोंगरांकडे, एवढं तो पुडी बघून ओळखायचा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना त्याने विचारलं होतं, "साहेब, ही माती शेवटी जाते कुठं?"

"समुद्रात. आणखी कुठं?" साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

यंदा वरच्या अंगाला नवं धरण पहिल्यांदा भरलं होतं. पावसाळाभर त्याच्या कागदावर चिमूटभरही गाळ साचला नाही.

पुढच्या मार्चमध्ये धुरपदाबाई त्याच्या दारात आली. नवऱ्यामागे ती एकटीच दर हिवाळ्यात नदीच्या उघड्या पडलेल्या वाळूत टरबुजाची वाडी करायची. तिच्या ओच्यात चार टरबुजं होती, मुठीएवढी.

"बी खोटं शे," ती म्हणाली. "रतिलालशेठनी माले फसाडं. चाळीस वरीस व्हई गयात वाडी करता, असं कधी व्हयनं नही. चाल मनासंगे."

बाजाराचा दिवस होता. रतिलालच्या बियाण्याच्या दुकानात गर्दी होती. धुरपदाबाईने चारही टरबुजं त्याच्या गादीवर आपटली आणि ती सगळ्यांसमोर नको ते बोलली. रतिलाल आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"अक्का, हेच बी पाचोऱ्याला गेलंय. तिथून एक तक्रार नाही. माझे वडील या गादीवर बसायचे. त्यांना कोणी असं बोललं नाही हो."

गिऱ्हाइकं एकेक करून पायऱ्या उतरू लागली. अभिमनला ते बघवेना.

"शेठ, त्या बियातलं मूठभर मला द्या," तो म्हणाला. "महिनाभर कोणी काही बोलू नका. अक्का, तुम्हीपण."

घरी येऊन त्याने दोन मडकी घेतली आणि दोन्हींत नदीची धुतलेली वाळू भरली. मग पत्र्याची पेटी उघडली. पहिली पुडी सोडून त्याने गाळ सुपात ओतला. तारीख वाचून तो एकेक कागद झटकत गेला. बासष्टचा पूर. चौसष्टची तांबडी माती. मुलगी झाली त्या दिवशीची पुडी. बायको, कमलबाई, चुलीपाशी बसून बघत होती.

"बठ्ठं टाकी देशी?" तिने विचारलं.

"थोडं टाकीसन काय कळी?"

बारा पावसाळ्यांचा गाळ पायलीभरही भरला नाही. तो त्याने एका मडक्यातल्या वाळूत मिसळला आणि दोन्ही मडक्यांत सारख्याच बिया टोचल्या. पाणी एकाच तांब्याने घातलं.

दोन्हीकडे उगवण सारखीच झाली. चौथ्या दिवशी त्याला वाटलं, आपण उगाच पेटी रिकामी केली. मग वाळूतली रोपं तीन पानांवर थांबली, पिवळी पडली. गाळातला वेल मडक्याबाहेर उतरून अंगणात पसरू लागला. महिना भरायच्या आत त्याने धुरपदाबाईला बोलावलं. ती उकिडवी बसली. एका मडक्यातलं पान आणि दुसऱ्यातलं पान तिने बोटांत धरून ताडून पाहिलं.

"बी तेच?"

"तेच, अक्का."

"मंग ती माती आते कोठे शे?"

"धरणमा. पाणी थांबस, माती तळले बसस."

तिने हातातलं पान सोडलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ती माती वरना लोकेसना वावरनी व्हती. मना टरबूज गावनी खादात. साली ढोरेसनी खाद्यात. त्यासनं शेण वावरमा गयं. पाऊस उना का परत नदीमा. बठ्ठं फिरस, भाऊ. मी तर फक्त लेत उनू."

बारा वर्षं गाळ तोलणाऱ्या अभिमनला हा अर्धा रस्ता कधी दिसला नव्हता. त्याचं मोजमाप पाण्यातच सुरू व्हायचं आणि पाण्यातच संपायचं. त्याला त्या साहेबांना गाठून सांगावंसं वाटलं, की सगळी माती नाही हो जात समुद्रात.

पुढच्या बाजारी धुरपदाबाई रतिलालच्या दुकानासमोर उभी राहिली. "शेठ, मनी चूक व्हयनी. बठ्ठासमोर बोलनू, बठ्ठासमोरच सांगस." रतिलालने तिच्यासाठी पाण्याचा तांब्या मागवला.

जूनमध्ये धुळ्याहून कागद आला. या ठिकाणी गाळाचं प्रमाण नगण्य असल्याने नमुने घेणं बंद करावं. फक्त उंची नोंदवावी. अभिमनने सही करून पोच पाठवली.

हिवाळ्यात पाणी ओसरलं. आता वाडीच्या वाळूला गाळाऐवजी शेणखत हवं होतं. गावात ज्याच्या गोठ्यात शेण, त्याचं स्वतःचं शेत होतं. उकिरड्यातलं खत कोणी द्यायला तयार नव्हतं. धुरपदाबाईने वाडी तीन ओळींवर आणली. गुरं सकाळी नदीवर पाण्याला उतरत, तेव्हा ती पाटी घेऊन त्यांच्या मागे चालू लागली.

एके दिवशी अभिमनने आठची उंची लिहिली, वही खिशात घातली, बाह्या वर केल्या आणि तोही वाकून शेण गोळा करू लागला.

"अरे, सरकारी माणूस ढोरांमागं!" गुराखी ओरडला. वाटेवरचे लोक हसले.

पाटी भरली. अभिमनने ती दोन्ही हातांनी उचलून धुरपदाबाईच्या डोक्यावर ठेवली. ओझ्याखाली ती क्षणभर डगमगली, मग ताठ झाली. एका हाताने पाटी धरून आणि दुसऱ्या हाताने लुगडं वर खोचून ती पाण्यात उतरली. पलीकडच्या वाळूत तिने खणलेल्या तीन चऱ्या उन्हात उघड्या पडल्या होत्या.