बोगद्यातला फोटो

तिने कालचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, मोबाइलचा उजेड पूर्ण वाढवला आणि जेवणाचा डबा बाजूला सारून टेबलावर कोपरं टेकली. फोटो टीव्हीवरच्या गेमचा होता, त्यातला ट्रक बोगद्यात शिरला होता. चित्र जवळजवळ काळंच होतं, म्हणूनच टीव्हीच्या काचेत मागची खोली उमटली होती. मोबाइल धरलेले बाबा, सोफ्याची कड, आणि त्या टोकाला खाली वाकलेलं आईचं डोकं. कुणाच्या तरी शर्टाचं बटण लावत असणार.

गेम तिचाच. नोकरीसाठी परगावी निघताना ती तो घरीच ठेवून आली होती. ज्या माणसाला आयुष्यभर धड सायकल जमली नाही, तो निवृत्त झाल्यावर भलामोठा ट्रक घेऊन घाट उतरायला लागला आणि रोज घरच्या ग्रुपवर त्याचे फोटो टाकायला लागला. स्क्रीनशॉटसाठी वेगळं बटण असतं हे बाबांच्या गावीही नव्हतं. ते सरळ टीव्हीसमोर मोबाइल धरत. फोटो वाकडे, पुसट, मधोमध दिव्याचा गोळा.

"काका, ट्रक चालवताय की भूकंपात सापडलाय?" चुलतभाऊ लिहायचा.

सगळे हसत. तीही हसायची, आणि मग एकटी बसून काच धुंडाळायची.

आई तिच्याशी बोलत नव्हती. घरची लाँड्री पुढे मुलीने चालवावी असं आईच्या मनात, तर हिला प्रयोगशाळेतली नोकरी हवी. "गेलीस तर माझ्याशी बोलायचं नाही," आई म्हणाली होती, आणि आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घरी फोन केला की हिचा आवाज ऐकताच आई तो बाबांकडे देई. पहिल्या पगारातून तिने आईला लोकरी स्वेटर पाठवला होता. आवडला का, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, "कपाटात अगदी नीट ठेवलाय हो." म्हणजे घडीसुद्धा मोडली नव्हती.

मग एका रविवारी चुलतभाऊ घरी गेला आणि काकांना ते बटण दाखवून आला. शहाणाच! संध्याकाळी ग्रुपवर लखलखीत स्क्रीनशॉट आला. पुलावर ऊन, खाली पाणी, ट्रकच्या आरशातला रस्तासुद्धा स्पष्ट. बाबांचं कोण कौतुक झालं. ती बोगद्याची वाट पाहत राहिली. बोगदा आला तो नुसता काळा आणि स्वच्छ. काचच नाही, तर आई कुठून दिसणार? तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

तिने फोन लावला. बाबांना कमी ऐकू येई, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असे.

"बाबा, तुमचे आधीचे फोटोच बरे होते."

"वेडी की काय! ते डोळे फोडणारे?"

"त्यात घर दिसायचं. बोगदा आला की काचेत दिसायचं."

पलीकडे आईच्या इस्त्रीची वाफ फुसफुसत होती, ती थांबली.

"घर म्हणजे, मी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही. आणि मागचा सोफा."

"सोफा होय," बाबा म्हणाले. "बरं बरं."

त्यानंतर काही दिवस ग्रुपवर काहीच आलं नाही. "काका, पंक्चर झालात का?" चुलतभावाने विचारून पाहिलं.

ऐन उकाड्यातल्या एका दुपारी फोटो आला. ग्रुपवर नाही, फक्त तिला. पुन्हा वाकडा आणि पुसट. ट्रक बोगद्यात मधोमध उभा करून ठेवलेला.

तिने तो मोठा केला. सोफा कडेचा ओढून मध्ये आणला होता. शेजारी भरदिवसा दिवा लावलेला. आई ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर सरळ समोर. अंगात लोकरी स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. बाह्यांवर घडीची रेघ अजून तशीच होती.

खाली बाबांनी लिहिलं होतं : "लवकर बघ. माझ्यामागे गाड्या अडकल्यात, सगळे हॉर्न मारतायत. आणि ही घामाघूम झालीये. तुला विचार म्हणतेय, आता काढू का?"