हिरव्या पाकिटाखालचा कचरा

तैवानमधल्या शिन्चू शहरातल्या एका कंपनीत दुपारी कुणीच काम करत नव्हतं. झाडून सगळे इंजिनिअर आलेले फोन जोडून देणाऱ्या एका मशीनभोवती हात जोडून उभे होते. मशीनवर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट होतं. रोज कोसळून बंद पडणारं हे मशीन कंपनीतल्या जुन्या जाणत्या फान मास्तरांनी पाकीट ठेवल्यापासून अकरा दिवस सलग चाललं होतं.

"पाकीट हिरवंच हवं!" मास्तर बजावत होते. "पिवळं ठेवाल तर मशीन रुसेल. आणि तारीख उलटू देऊ नका!"

"धन्य आहात, मास्तर!" कंपनीप्रमुख लाय साहेब गहिवरले. पाच वाजता मशीन डोंगरातल्या एका गावच्या रुग्णवाहिका केंद्रात जाणार होतं.

त्या इंजिनिअरांमधल्या यूपिंगची नजर मात्र मशीनच्या पडद्यावर होती. तिथे मशीन बंद पडलं तर मदतीसाठी आलेला फोन कुणापर्यंतच पोचणार नव्हता. तिने केलेली दुरुस्ती साहेबांनी "आता कशाला?" म्हणून बाजूला सारली होती.

ती पुढे झाली, पाकीट फोडलं आणि खायला लागली.

"अगं ए, वेड लागलं का तुला?" साहेब ओरडले.

"रुसलं का मशीन?"

"त्याला अजून कळलेलं नाही," मास्तर म्हणाले.

यूपिंगने पडदा सगळ्यांकडे वळवला. मेमरी काठोकाठ भरत आली होती.

"मेमरीत माहितीचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक वस्तू. तिला किती जणांनी धरलंय, ते मोजतात. शून्य झालं की वस्तू टाकून देतात. पण दोन वस्तूंनी एकमेकींनाच धरून ठेवलं तर शून्य कधीच होत नाही. त्यांना शोधून काढणारा सफाईचा प्रोग्रॅम घाई करायचा. तो मोजून वळेपर्यंत कुणी वस्तू उचलली, तरी जुन्या मोजणीवर फेकून द्यायचा. म्हणून मशीन कोसळायचं. पाकीट ठेवलं त्याच दिवशी मास्तरांनी सफाईच बंद केली; कोसळणं थांबलं, पण कचरा साठत गेला. ही बघा नोंद!"

मास्तर घाम पुसत होते, तेवढ्यात मशीन थांबलं.

"पाकीट फोडलंस म्हणून!" मास्तर ओरडले.

यूपिंगने खणातून दुसरं काढून ठेवलं. "घ्या, हिरवंच आहे. तारीख पुढच्या वर्षाची. करा चालू."

मशीन हललं नाही.

"तुझी दुरुस्ती काय होती?" साहेबांनी हळूच विचारलं.

"टाकण्याआधी वस्तूला कुलूप लावायचं, म्हणजे मधेच कुणी उचलणार नाही, पुन्हा मोजायचं, मगच टाकायचं."

मशीन तीन आठवडे उशिरा गेलं. सफाई चालू होती आणि वर काहीही ठेवलेलं नव्हतं. बिघडलं की का बिघडलं, हे सगळेच विचारतात. बाबांनो, आपोआप चालायला लागलं की का चाललं, तेही विचारा.