शिळी रांगोळी

माझा धाकटा मुलगा गणराज यानं चऱ्होलीत सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत केली, ते दोन हजार तेवीस साल. त्याआधी आमचा सगळा संसार काळेवाडीत एका खोलीत झाला. मी चाकणच्या फोर्जिंगच्या कारखान्यात होतो. पहाटे कंपनीच्या बससाठी निघायचो, तेव्हा माझी बायको यशोदा दारात सडा टाकून रांगोळी काढत असायची. शेजारच्या चिमाबाईला बरं नसलं, की यशोदा तिचंही दार झाडायची आणि चार ठिपके तिथंही टाकायची. आदल्या दिवसाची रांगोळी दारात राहिलेली तिला खपायची नाही. म्हणायची, "शिळी रांगोळी दिसली की समजावं, घरातली बाई पडून हाय."

नव्या घरी आलो आणि महिन्याभरात यशोदाला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. काठी घेऊन ती चालायलाही लागली, पण उजवा हात तसाच राहिला. व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आजी, बोटं रोज हलवली नाहीत तर ती कायमची आखडतील." त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला.

"मी काय कुक्कुलं बाळ हाय व्हय, चेंडू खेळायला?" यशोदा म्हणाली. चेंडू सोफ्याखाली गेला तो गेलाच.

गणराजची मुलगी वर्षाली चिंचवडला कॉम्प्युटरवरचं डिझाइन शिकते. इंटरनेटवर हिंडून चमत्कारिक गोष्टी गोळा करायची तिला खोड आहे. असल्या गोष्टी लोक फुकट बनवून ठेवतात, असं ती सांगते. कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. एका सकाळी तिनं टॅब आणून आजीच्या मांडीवर ठेवला.

पहिल्या खेळात बोटानं एक रेघ ओढली की तीच रेघ आठ बाजूंना उमटायची. यशोदानं एकदा ओढून पाहिली. "सगळं ह्योच करतोय की. मग मी कशाला?"

दुसऱ्यात बोटाखालून रंगीत वाळू गळायची आणि खाली तिचे ढीग व्हायचे. वर्षाली म्हणाली, "आजी, रांगोळीच आहे बघ ही!"

"चिमूट कुठाय हिच्यात? पोतं फाटल्यागत सांडतंय नुसतं."

तिसरं मात्र तिला पटलं. ते एक भलंमोठं चौकटींचं मैदान होतं. जगातला कुणीही तिथं यावा, एका चौकटीवर बोट ठेवावं, की ती रंगायची. कुणी पक्षी काढलेला, कुणी गाडी, कुणी आपलं नाव. यशोदाचा हात थरथरायचा, पण बोट कुठंही टेकलं तरी ठिपका चौकटीत सरळ बसायचा. वर्षालीनं अट घातली, उजव्याच हातानं काढायचं. पहिल्या दिवशी पाच ठिपके टाकता टाकता यशोदाला घाम फुटला. पण दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून टॅब मागितला. गौरी बसल्या तोवर तिच्या जागेत रोज नवं कमळ उमटायला लागलं होतं. बोटं थोडी उघडायला लागली, असं व्यायामाच्या बाईही म्हणाल्या.

रोज सकाळी ती आधी खोडरबरानं कालचं सगळं पुसायची, मग नवीन काढायची. ते आम्ही सगळे बघत होतो, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दसऱ्याच्या आसपास एके दिवशी टॅबवर तिचं बोट चालेना. कुठंही दाबलं तरी लाल पट्टी यायची. वर्षालीनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आजी, शेजारी जहाज होतं ना गं, ते कुठं गेलं?"

"पुसलं म्या. किती दिस शिळंच पडलं होतं."

"आजी! तो माणूस रोज थोडं थोडं काढत होता ते! चार महिने!"

"आता मला काय ठावं? वाटलं, बाई आजारी असंल. म्हणून झाडून घेतलं, आन् चार ठिपके बी टाकले तिच्या दारात. चिमाबाईच्या टाकायचे तसे."

त्या माणसाचा निरोप आला होता. यंत्रानं त्याचं मराठी केलं होतं. मला अक्षरं उशिरा आली, वर्षालीच्याच पहिलीच्या पुस्तकावरून, म्हणून मी बोट ठेवून वाचलं: "तुम्ही माझे जहाज का ठार केले?" मैदान चालवणाऱ्यांनी यशोदाला बंदी केली होती.

वर्षाली म्हणाली, "जाऊ दे, दुसरं काहीतरी शोधते." तिनं दोन-तीन खेळ आणून दाखवले. यशोदानं एकालाही बोट लावलं नाही. हात मांडीवर ठेवून गॅलरीत बसायची. आठवड्याभरात बोटं परत मिटायला लागली. मी ती उघडायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. चांगलं करायला गेले, तर चोर ठरले."

तेव्हा मी वर्षालीला शेजारी बसवलं. "लिही," म्हणालो, "त्या जहाजवाल्याला. आमच्याकडं रांगोळी रोज पुसतात. शिळी राहिली तर घरात दुखणं आहे असं समजतात, आणि शेजारीण दार झाडून देते. आमच्या म्हातारीला वाटलं तुम्ही आजारी आहात. तिच्या हातासाठी हे लागतं. हात आखडत चाललाय."

"आबा, त्याला काय कळणार हे?"

"नाही कळलं तर नाही. तू लिही तर खरं."

दोन दिवसांनी उत्तर आलं. तो कुठल्याशा बंदराच्या गावचा, बोटीवरून निवृत्त झालेला, एकटाच राहणारा. त्यानं लिहिलं होतं, "मी आजारी नव्हतो. पण मी बरा आहे की नाही, हे बऱ्याच वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. जहाज मी पुन्हा काढेन." त्यानंच मैदानवाल्यांना सांगून बंदी उठवली आणि यशोदाच्या जागेभोवती लाल चौकट आखून दिली.

यशोदानं चौकट निरखून पाहिली. "कुंपण घातलं व्हय माझ्या अंगणाला? बरंय. आता ह्याच्या बाहीर न्हाई जायची."

दिवाळीत तिनं उंबऱ्यापाशी खुर्ची घ्यायला लावली, समोर पाट ठेवला आणि खऱ्या रांगोळीची चिमूट उचलली. पाच ठिपके पडले. वाकडे होते, पण चिमटीतून सुटले होते. गणराज नाईट शिफ्टहून येत होता, तो ते ओलांडायचं सोडून बराच वेळ दारातच उभा राहिला.

पुढचा झटका आला तो सकाळीच, कमळ काढून झाल्यावर. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी पै-पाहुण्यांत वर्षालीनं टॅब उघडला आणि रडायलाच लागली. लाल चौकटीतलं आजीचं कमळ नव्हतं. "आबा, कुणीतरी पुसलं. मी ते कायमचं ठेवणार होते."

मी टॅब हातात घेतला. चौकट झाडून साफ केलेली होती आणि मधोमध चार ठिपके होते, शिकाऊ हाताचे. खाली निरोप होता: "रांगोळी शिळी दिसली. आजी बऱ्या आहेत ना?"

घरात बसलेल्या एका बाई म्हणाल्या, "अगंबाई, सुतकात रांगोळी?"

मी म्हणालो, "सूतक आपल्या घराला. त्याच्या घराला नाही."

मग वर्षालीकडून त्याला उत्तर लिहवलं. एवढंच लिहिलं, की यशोदाबाई मंगळवारी, पाच डिसेंबर दोन हजार तेवीसला, सकाळी वारल्या.